जजची चिठ्ठी

आमच्या शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या दोन तासांना नववीच्या वर्गात कोर्ट भरतं. त्या कोर्टाचा पट्टेवाला मी. हुद्द्याने चित्रकलेचा शिक्षक, पण शुक्रवारी दुपारी मला तास नसतो, आणि रिकामा बसलेला माणूस वकीलबाईंना बघवत नाही. "सर, देवाने एवढा दणदणीत आवाज दिलाय, त्याचं काहीतरी चीज करा," असं म्हणून त्यांनी मला एकदा वर्गाच्या दाराशी उभं केलं, ते आजतागायत. मी "आरोपी हाजीर हो!" अशी आरोळी ठोकतो आणि उरलेला वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चित्रं काढतो. खऱ्या कोर्टात फोटो काढायला बंदी असते म्हणून चित्रकार बसवतात, असं कुठंसं वाचलं होतं. तेवढाच माझा मान.

वकीलबाई म्हणजे आमच्या नागरिकशास्त्राच्या बाई. कायद्याची पदवी घेऊन काही वर्षं त्यांनी खरोखरच काळा कोट घातला होता. तो उतरवून शाळेत का आलात, असं विचारलं तर म्हणतात, "तिथे माझं कुणी ऐकत नव्हतं." इथे ऐकतात, असा त्यांचा समज आहे. त्यांचं नि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि शाळेतल्या खोल्या मात्र शेजारी शेजारी.

पुस्तकातला 'कायदा आणि न्याय' हा धडा त्यांनी पहिल्याच वर्षी गुंडाळून ठेवला. "व्याख्या पाठ करून न्याय कळला असता तर पोपटांना जज केलं असतं," असं त्या मुख्याध्यापकांना तोंडावर म्हणाल्या. त्या कुठून कुठून खरे निकाल मिळवतात, त्यातली नावं, गावं आणि तारखा काळ्या शाईने खोडतात आणि झेरॉक्स काढून वर्गात वाटतात. मग माझ्या ब्रशांच्या डब्यात चिठ्ठ्या पडतात. सरकारी वकील, आरोपीचा वकील, आरोपी, साक्षीदार, जज. ज्याला जी चिठ्ठी येईल ती त्याने निभवायची, पटो न पटो. बदलाबदली नाही. सगळं ऐकून झालं की जजने कारणं सांगून निकाल द्यायचा, आणि त्यानंतरच बाई खऱ्या कोर्टाने काय केलं ते वाचून दाखवणार.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. पोरांना नाटक आवडतं, बाईंना वकिली आवडते, मध्ये न्यायाचा काय संबंध, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं. पण आवाजाचं चीज होत होतं, म्हणून जात होतो.

ह्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. शेवटच्या बाकावर बसायची, आणि दप्तर कायम पाठीवर. बाकावर बसली तरी पाठीवर. मी एकदा म्हटलं, "अगं, उतरव की ते ओझं. कुणी पळवून नेत नाही." तर म्हणाली, "सवय आहे, सर." पोरांनी लगेच तिचं नाव गोगलगाय ठेवलं. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण मला आठवली खरी, पण ती लबाड माणसाला लावतात, आणि ही पोर काही लबाड वाटत नव्हती. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला, वडील कुठंतरी लांब नोकरीला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. चित्र मात्र फार छान काढायची. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन बसायची. मी डबा खायचो, ती रंगवायची, बोलणं कामापुरतं. मला अशी माणसं आवडतात. वकीलबाईंच्या शेजारी खोली असल्यावर कुणालाही आवडतील.

वर्गाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो भिंतीच्या खटल्यात. दोन शेजारी मधल्या भिंतीवरून भांडत कोर्टात गेले होते. तिथल्या खऱ्या जजने दिलेला निकाल सगळ्यांच्या मते बरोबर होता. पण मागाहून कळलं, की त्यातला एक शेजारी जजचा साडू. वरच्या कोर्टाने निकाल रद्द केला.

"पण बाई, निकाल बरोबर होता ना?" भोंगा उठला. भोंगा म्हणजे पहिल्या बाकावरचा मुलगा. त्याला माझ्यापेक्षाही मोठा आवाज आहे आणि तो कुठे थांबवायचा ते कळत नाही. "मग साडू असला तर काय बिघडलं?"

"उद्या तुझ्या मॅचला समोरच्या कॅप्टनचा सख्खा मामा अंपायर म्हणून उभा केला तर चालेल?"

"बरोबर आऊट देत असेल तर चालेल."

"आणि तुला दिलं तर?"

भोंगा खाली बसला. बाई म्हणाल्या, "नात्यातल्या माणसाचा खटला जजने चालवायचा नाही. जज लबाड असतो म्हणून नव्हे. आपल्या माणसाकडे जजच्या नजरेने बघता येत नाही, आणि बघूही नये, म्हणून. त्याने उठून जायचं."

तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण मग हा माझा कोण लागतो ते त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागतं का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. बाई खूश झाल्या. "छान विचारलंस. नाही. बऱ्याच ठिकाणी 'मी हा खटला चालवत नाही' एवढं म्हटलं की पुरतं. कारण सांगायची सक्ती नसते."

ती मान हलवून खाली बसली. मी आपला चित्रातली भिंत रंगवत होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाईंनी पोहण्याच्या तलावाचा खटला आणला. डबा फिरला. भोंगा सरकारी वकील झाला. आरोपीची वकील झाली वर्गाची मॉनिटर, जिला पहिल्या नंबरापलीकडे जग माहीत नाही. आणि जजची चिठ्ठी निघाली गोगलगाईला.

"गोगलगाय जज!" कुणीतरी ओरडलं. "म्हणजे निकाल पुढच्या वर्षी!"

वर्ग हसला, मीही हसलो. ती पुढे आली आणि फळ्यासमोरच्या बाईंच्या खुर्चीवर बसली, दप्तरासकट, अगदी कडेला. मी "शांतता!" म्हणून ओरडलो आणि बाई खटल्याची हकिगत वाचू लागल्या.

एक सार्वजनिक तलाव. संध्याकाळची वेळ, पाण्यात लहान मुलं. उंच खुर्चीवर जीवरक्षक एकटाच. कपडे बदलायच्या खोलीतून किंचाळी ऐकू आली, एक लहान मुलगा फरशीवर घसरून पडला होता, डोकं फुटलं होतं. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली, सगळ्यांना पाण्याबाहेर यायला सांगितलं आणि खुर्ची सोडून आत धावला. फुटलेल्या डोक्याला पंचा बांधून परत आला तेव्हा दुसरा एक मुलगा खोल पाण्यात तळाशी होता. तो वाचला नाही. जीवरक्षकावर हलगर्जीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा खटला. तो दोषी की नाही?

चित्रकाराला माणसाचे हात आधी दिसतात. मी त्या दिवशी काढलेलं चित्र अजून माझ्यापाशी आहे. त्यात जजने दप्तराचे दोन्ही पट्टे छातीशी घट्ट धरलेले आहेत, जणू कुणी मागून ओढतंय. चित्र काढताना मला वाटलं, बिचारी घाबरली. एवढं दिसून काही कळलं नाही, त्याला काय म्हणायचं.

भोंगा सुटला. "एकही माणूस पाण्यात आहे तोवर खुर्ची सोडायची नाही, हा जीवरक्षकाचा पहिला नियम! ह्याने सोडली! शिट्टी काय, शिट्टी कुणीही वाजवतं! आणि आत गेला तो लगेच का नाही आला? काय माहीत, चहा ढोसत बसला असेल!"

पोरं खिदळली. बाई म्हणाल्या, "न्यायमूर्ती, वकील कागदाबाहेरचं बोलतायत. हटकणार का त्यांना?"

न्यायमूर्तींनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली. मॉनिटरची बाजू पुढच्या शुक्रवारवर गेली.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली. बराच वेळ ब्रश पाण्यात नुसता फिरवत बसली. मग म्हणाली, "सर, माझी चिठ्ठी बदलून मिळेल का? तुम्ही बाईंना सांगाल?"

"का गं?"

"मला नाही जमणार."

आता असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं. "अगं, पाण्यात पडलं की पोहता येतं!" मी वर हसलोही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझा घास तोंडातच राहिला. मग तिने ब्रश पुसून जागेवर ठेवला आणि चित्र अर्धवट टाकून निघून गेली. मला वाटलं, फाजील लाड करून ठेवलेत पोरीचे.

तरी मी वकीलबाईंकडे शब्द टाकला. "पोरगी घाबरलीय. द्या की दुसऱ्या कुणाला."

"घाबरलीय म्हणूनच तिने बसायचं," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी ती चिठ्ठी. आज तिला सोडलं तर उद्या भोंगा म्हणेल, मला कायमचा जज करा. मग तुम्ही येणार का त्याचे निकाल ऐकायला?"

ह्या बाईंचं बरोबर असलं की मला जास्त राग येतो.

पुढच्या शुक्रवारी मॉनिटर उभी राहिली आणि आम्ही सगळेच सरसावून बसलो. पोरीने अभ्यास केला होता. तिने भाषण ठोकलंच नाही. सरळ भोंग्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू खुर्चीवर आहेस. आतून एक मूल किंचाळतंय. बाकीची ओरडतायत, रक्त, रक्त. काय करशील?"

"दुसऱ्या जीवरक्षकाला पाठवीन."

"दुसरा नाहीये. नियमाने दोन हवेत. एक नोकरी सोडून गेला, तलाव चालवणाऱ्यांनी त्याच्या जागी माणूस नेमला नाही. पान तीन."

"मग तिकीटवाल्याला हाक मारीन."

"खिडकी बाहेरच्या अंगाला आहे. मार हाक."

भोंग्याने खरंच हाक मारायला छाती फुगवली, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. मॉनिटर हसली नाही. तिने आरोपीला बोलावलं. आरोपीची चिठ्ठी एका सुस्त मुलाला आली होती, आणि त्याला कागदातलं एकच वाक्य म्हणायचं होतं. तो उभा राहिला, खिशातले हात काढले आणि म्हणाला, "मी शिट्टी दिली. पोरं काठाकडे यायला लागली होती. मला वाटलं, सगळी निघाली."

त्या पोराला अभिनय येत नाही. म्हणूनच ते वाक्य नुसतंच वर्गात पडून राहिलं. मी जजकडे पाहिलं. ती त्या मुलाकडे बघत होती.

"झालं," बाई म्हणाल्या. "न्यायमूर्ती, निकाल."

ती उभी राहिली. "मी हा खटला चालवत नाही."

वर्ग हसला. बाईंचं कपाळ आठ्यांनी भरलं. "हे आता सांगतेस? दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर? खाली बस आणि निकाल दे. चिठ्ठी निघाली की—"

"बाई, मी हा खटला चालवत नाही." अगदी त्याच आवाजात.

"अगं, पण काही कारण?"

"कारण सांगायची सक्ती नसते," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत."

मी इतक्या वर्षांत वकीलबाईंना निरुत्तर झालेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, तसं झालं तर मी स्टाफरूममध्ये पेढे वाटीन. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग हातातल्या काळ्या पट्ट्यांच्या कागदाकडे, मग पुन्हा मुलीकडे. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. तेवढ्यात भोंग्याच्या डोक्यातही उजेड पडला. "म्हणजे बाई, हा माणूस हिचा—"

"शांतता!" मी ओरडलो. "कोर्ट तहकूब!"

इतक्या जोरात ओरडलो, की शेजारचा आठवीचा वर्गही चिडीचूप झाला. पट्टेवाल्याला कोर्ट तहकूब करता येत नाही, हे बाईंनी मला नंतर ऐकवलंच. पण त्या घटकेला त्यांनी तेच उचलून धरलं.

"जज उठला की त्याला कारण विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात नाही, वर्गाबाहेर नाही, घरी जाताना तर नाहीच. भोंग्या, कळलं?" भोंग्याने मान हलवली. "आणि दुसरी गोष्ट. चिठ्ठ्या काढण्याआधी कुणाची काही हरकत आहे का, हे मी विचारायला हवं होतं. सरांनी मागाहून सांगितलं तेही मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

शिक्षकाने चूक कबूल केलेली पोरांनी कधी पाहिली नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मी पुढचा.

गोगलगाय तोवर आपल्या बाकावर जाऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "बाई, खरा निकाल वाचा ना. नियम आहे."

बाई थांबल्या. "राहू दे आज."

"वाचा, बाई."

बाईंनी वाचला. दोषी. शेवटचं मूल पाण्याबाहेर येईपर्यंत थांबणं हे त्याचं काम होतं आणि तो थांबला नाही, असं कोर्टाने म्हटलं होतं. शिक्षा तुरुंगवासाची. खाली असंही लिहिलं होतं, की ज्यांनी दुसरा जीवरक्षक नेमला नाही ते ह्या खटल्यात आरोपी नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल हे कोर्ट काही ठरवू शकत नाही.

"हा कसला न्याय?" मॉनिटर उसळली. पहिला नंबर गेल्यावरही ती इतकी चिडत नाही. सगळेच एकदम बोलायला लागले. भोंगा तेवढा गप्प होता. गलका ओसरल्यावर तो म्हणाला, "बाई, मी जिंकलो ना? मग बरं का नाही वाटत?"

"त्या मुलाच्या आईलाही वाटलं नसेल," बाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर ती माझ्या खोलीत आली, अर्धवट चित्र न्यायला. तिच्यामागोमाग वकीलबाई आल्या आणि त्यांनी दार लोटलं. मी उठून जायला लागलो, तर ती म्हणाली, "सर, तुम्ही बसा." मग बसलो.

"मी नावं खोडते," बाई म्हणाल्या. "नाव खोडलं की झालं, असं मला वाटत होतं. माफ कर, बाळ."

"तुम्हाला कुठे माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्याने, रंगांच्या वड्या डबीत लावत लावत. बुडालेला मुलगा तिच्याच आधीच्या शाळेतला, खालच्या वर्गातला. कधीकधी तिच्याकडून निळा रंग मागून न्यायचा. ते झाल्यावर शाळेत कुणी तिच्याशी बोलेना. मग शाळा बदलली, घर बदललं, गाव बदललं. आई महिन्यातून एकदा तुरुंगात भेटायला जायची. ही कधी गेली नाही. घरात तो विषय निघायचा नाही. त्या दिवशी नेमकं काय झालं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. ते तिला आमच्या वर्गात कळलं, भोंग्याकडून आणि मॉनिटरकडून.

"बाबा सुटणारेत," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. आई म्हणते, तू हो म्हणालीस तर इथे येतील, नाही म्हणालीस तर काकाकडे जाऊन राहतील. तू सांगशील तसं."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. मी ठरवत होते, ते दोषी आहेत का. रोज रात्री. दोषी नसतील तर हो म्हणायचं. भोंगा बोलला तेव्हा वाटलं, आहेत. मॉनिटर बोलली तेव्हा वाटलं, नाहीत. मग शेवटी तो म्हणाला ना, मला वाटलं सगळी निघाली..." ती थांबली. "बाबा असंच म्हणाले असतील."

मला त्या आईचा संताप आला. चौदा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात एवढा मोठा धोंडा बांधायचा? पण मग वाटलं, त्या बाईला तरी दुसरं कोण होतं विचारायला.

"तुला त्या खुर्चीवर कुणी बसवलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"आईने." मग जरा थांबून, "नाही. आईने आता विचारलं. मी आधीपासूनच बसले होते."

"मग आज वर्गात जे म्हणालीस तेच घरी म्हण. हा खटला तुझ्याकडे चालूच शकत नाही. साडू असला तर जजला उठावं लागतं, तू तर पोटची मुलगी आहेस. ज्यांचं ते काम होतं त्यांनी ते केलं, बरं की वाईट ते राहू दे. शिक्षाही भोगून झाली. तू परत कशाला चालवतेस?"

"पण मला राग आहे त्यांचा."

"असू दे की. राग जजला धरता येत नाही. मुलीला येतो."

तिने डबीचं झाकण लावलं. "मग मी काय करायचं?"

आता बाई कायद्याचं कलम सांगणार, म्हणून मी कान टवकारले. "ते मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "ते आमच्या पुस्तकात नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे काय असणार? डब्यात थोडं उरलं होतं, मी डबा पुढे सरकवला. ती खायला लागली आणि खाता खाता रडायला लागली. आम्ही दोघं मोठी माणसं खिडकीबाहेर बघत उभी राहिलो.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी नवा नियम केला. चिठ्ठी उघडल्यावर कुणाला नको असेल तर त्याने गुपचूप डब्यात परत टाकावी, कारण विचारलं जाणार नाही. झालं, निम्म्या वर्गाने चिठ्ठ्या परत टाकल्या. गृहपाठ न केलेले सगळे एकदम न्यायमूर्तींच्या नात्यातले निघाले. बाईंनी दात ओठ खाल्ले, पण नियम मोडला नाही. खटला मांजरीच्या मालकीवरून होता, तेवढ्यावर निभावलं.

डबा फिरत असताना भोंगा शेवटच्या बाकापाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "ते चहाचं मी उगाच म्हटलं होतं. कागदात नव्हतं ते."

"माहीत आहे," गोगलगाय म्हणाली.

त्याच दिवशी तास संपताना ती माझ्यापाशी आली. "सर, जरा गेटपर्यंत याल? बाबा येणारेत. आईला कारखान्यातून सुट्टी नाही मिळाली. त्यांना आमचं घर माहीत नाही ना. किल्ली माझ्याकडे आहे."

"घरी काय सांगितलंस?"

"सांगितलं, मी नाही ठरवणार. आई म्हणाली, मग मी ठरवते, येऊ देत."

आम्ही निघालो. वकीलबाईंना नेमकं तेव्हाच गेटजवळच्या सूचनाफलकावर काहीतरी वाचायचं होतं. फलक रिकामा होता.

तो गेटपाशी नव्हताच. रस्त्याच्या पलीकडे उभा होता, एका बंद दुकानाच्या पायरीखाली, हातात एक पिशवी. केस बारीक कापलेले, शर्ट घड्यांच्या खुणा पडलेला आणि अंगापेक्षा मोठा. कुणी पुकारल्याशिवाय पुढे यायचं नाही, अशी उभं राहायची रीत असते, ती मला शुक्रवारच्या कोर्टातून ओळखीची होती. ती रस्ता ओलांडून गेली. मी दोन पावलं मागे.

"उंच झालीस," तो म्हणाला.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात मोकळे सोडून ताठ उभा राहिला. "तुला सगळं सांगायचंय मला, पहिल्यापासून. काही लपवणार नाही. ऐकून घे, मग तू म्हणशील तसं. त्या दिवशी मी शिट्टी दिली आणि—"

"बाबा, मी तो खटला चालवत नाही."

त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या चपलांकडे. मग त्याने आपलं आपणच समजून घेतलं, मान हलवली आणि वाकून पिशवी उचलली. "बरोबर आहे तुझं. काकाकडे जायला संध्याकाळची गाडी आहे. आईला सांग, मी—"

"अहो बाबा, तसं नाही!" आता तिचा आवाज चढला. पलीकडे फलकासमोर बाई दचकल्या. "मी जज नाहीये तुमची. मला राग आलाय तुमचा, खूप आलाय, तो जाईल की नाही मला माहीत नाही. तुम्हाला सांगायचं ते घरी सांगा, जेवताना सांगा. असं उभं राहून नका सांगू मला."

तो तसाच उभा राहिला.

"घर ह्या बाजूला आहे," ती म्हणाली.

त्याने पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. "दप्तर दे. जड असेल."

ती क्षणभर थांबली. मग एक पट्टा खांद्यावरून काढला, मग दुसरा, आणि दप्तर त्याच्याकडे दिलं. त्याने ते आपल्या पाठीवर चढवलं, एकाच खांद्यावर, कारण पट्टे त्याला आखूड पडत होते. दोघं चालू लागले. वर्षभरात तिची पाठ मी पहिल्यांदा पाहिली. शर्टावर खांद्यांपाशी पट्ट्यांच्या जागी दोन घामाच्या रेघा होत्या. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस चालू शकेल एवढं अंतर होतं, आणि रस्ता वळेपर्यंत तरी ते तेवढंच राहिलं.